सगळे एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडतो, तेव्हा आधी न्यूट्रल तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सगळ्या घराची वीज तोडणारा खटका) आहे. दोन महिन्यांपासून तो आठवड्यातून तीन-चार वेळा पडतो, आणि तोही बहुतेक पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान. गिझर बंद ठेवून पाहिला, फरक नाही. एकदा सगळे एमसीबी (एकेका लाइनवरचे, जास्त करंटला पडणारे छोटे खटके) खाली केले तरी पडला. इलेक्ट्रिशियनने नवा आरसीसीबी बसवला, तोही तसाच पडतो. आता तो म्हणतो की १०० मिलिअँपिअरचा बसवू, नाहीतर सरळ डायरेक्ट करू, म्हणजे आरसीसीबी काढून वायरी थेट जोडू. घरात लहान मुलगी आणि वयस्कर आई आहे, म्हणून तुमच्या मनाला ते पटत नाही.

पहिली गोष्ट आजच पक्की करा. आरसीसीबी डायरेक्ट करू द्यायचा नाही आणि ३० च्या जागी १०० चाही बसवू द्यायचा नाही. तुमच्या मनाने जे सांगितलं ते बरोबर आहे. का, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

फेजमधून जेवढा करंट घरात येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत जायला हवा. आरसीसीबीच्या आत एक कडं असतं आणि दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. येणारा आणि जाणारा करंट सारखा असेल तर काही होत नाही. थोडा करंट वाट सोडून भिंतीतल्या ओलीतून, यंत्राच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की दोन्हीत फरक पडतो आणि खटका पडतो. ३० चा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरपर्यंतच्या फरकाला पडता कामा नये आणि ३० ला पडलाच पाहिजे. मधे कुठेही पडला तरी तो चांगलाच आहे. आता ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? २३० व्होल्टला जेमतेम सात वॅट. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. पण तेवढा करंट छातीतून जात राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि त्याआधीच, १० मिलिअँपिअरच्या आसपास, हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही.

आता १०० चं बघा. फॉल्ट असलेल्या यंत्राला कुणी हात लावला, पायात चप्पल आहे, फरशी थोडी ओली आहे, आणि या सगळ्याचा मिळून अडथळा चार हजार ओहम आहे असं धरा. अंगातून साधारण ५७ मिलिअँपिअर जाईल. ३० चा आरसीसीबी लगेच पडेल. १०० चा पडेलच याची खात्री नाही, माणूस चिकटून राहिला तरी. १०० आणि ३०० चे आरसीसीबी मुख्य लाइनवर असतात ते प्रामुख्याने आगीपासून संरक्षण म्हणून. माणसाला वाचवायचं असेल तर त्यांच्या पुढे ३० चा हवाच.

म्हणजे ‘कोणता आरसीसीबी बसवला तर पडणार नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवू. करंट कोणत्या वाटेने बाहेर जातोय, हे शोधायचं आहे. नवा बसवूनही तोच प्रकार चालू राहिला, यावरून जुनाही बहुधा चांगलाच होता.

इथून पुढचं बरंचसं तुमच्या घराच्या वायरिंगवर अवलंबून आहे. अर्थिंग कसं केलंय, एमसीबी एका पोलचे आहेत की दोन पोलचे, इन्व्हर्टर आहे का, मधे कुणी लाइन वाढवलीय का, हे मला इथून दिसत नाही. त्यामुळे फॉल्ट अमुक ठिकाणीच आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुम्ही दोन फार चांगल्या खुणा दिल्या आहेत, आणि दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

पहिली खूण: सगळे एमसीबी खाली केले तरी पडला. बहुतेक घरांच्या डीबीमधले (सगळे खटके बसवलेल्या पेटीतले) एमसीबी एका पोलचे असतात. ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल त्यांच्यातून जातच नाही. आरसीसीबीच्या खालून निघालेली न्यूट्रल एका पट्टीवर येते आणि तिथून थेट प्रत्येक खोलीत, प्रत्येक बोर्डात, प्रत्येक सॉकेटपर्यंत जोडलेलीच राहते. तुम्ही सगळे एमसीबी पाडता तेव्हा ‘सगळं बंद केलं’ असं वाटतं, पण निम्मं वायरिंग अजून आरसीसीबीला जोडलेलं असतं. बोर्डावरच्या बटणाचंही तसंच. ते फेज तोडतं, न्यूट्रल प्लगच्या पिनेतून यंत्रात जातेच. म्हणून कुठेतरी न्यूट्रल अर्थला लागली असेल तर एमसीबी खाली करून काही सिद्ध होत नाही. या एका गोष्टीमुळे कितीतरी चांगले आरसीसीबी ‘खराब’ म्हणून काढून टाकलेले मी पाहिले आहेत.

तुम्ही म्हणाल, न्यूट्रल अर्थला लागली तर बिघडलं कुठे, तिच्यात व्होल्टेज तर नसतंच. पूर्ण शून्य नसतं, आणि तिथेच तुमची दुसरी खूण येते: पहाटेची वेळ.

न्यूट्रलमधून करंट वाहत असतो आणि वायरीला स्वतःचा थोडा अडथळा असतो. त्यामुळे घरातल्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्टचा फरक राहतो. ज्या घरांना स्वतःचा वेगळा अर्थ इलेक्ट्रोड (अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेली सळई किंवा पट्टी) आहे, तिथे हा फरक तुमच्या एकट्याच्या वापरावर ठरत नाही. त्याच लाइनवरच्या सगळ्या घरांचा करंट त्या न्यूट्रलमधून जात असतो. पहाटे सगळीकडे पाणी तापत असतं. लोड वाढतो, न्यूट्रलवरचं व्होल्टेज वर चढतं. समजा तुमच्या घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये १०० ओहमची वाट तयार झाली आहे. दुपारी न्यूट्रलवर १ व्होल्ट असेल तर त्या वाटेने १० मिलिअँपिअर जातो, आरसीसीबी टिकतो. पहाटे तेच ३ व्होल्ट झालं की ३० मिलिअँपिअर, आणि खटका पडतो. तुमच्या घरातला एकही दिवा चालू नसताना! फेजमधून काहीच आलं नाही आणि न्यूट्रलमधून ३० मिलिअँपिअर सरकला, एवढा फरक कड्याला पुरतो.

अर्थ आणि न्यूट्रल जिथे घराच्या सप्लायपाशीच एकत्र जोडलेली असतात, तिथे शेजारच्या लोडचा परिणाम कमी होतो आणि घरातल्याच मोठ्या लोडचा जास्त दिसतो. तिथे लोक सांगतात, इस्त्री लावली की पडतो, हीटर लावला की पडतो. इस्त्री बदलतात, हीटर बदलतात, आणि फॉल्ट निघतो भलत्याच खोलीत.

असं एक घर माझ्या कायम लक्षात राहिलं आहे. तक्रार इस्त्रीचीच होती. माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. दोघांनीही मेगर (वायरीवरचं आवरण किती चांगलं आहे हे मोजणारं मीटर) लावला होता, पण फक्त फेजला, आणि फेजचं रीडिंग उत्तम येत होतं. मी न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवून अर्थशी मोजली. पाचपैकी चार ठीक, पाचवीवर काटा शून्यावर. ती लाइन मधल्या बोर्डात तोडली, पुढचा भाग मोजला, मागचा मोजला, असं करत एका झोपायच्या खोलीच्या भिंतीपर्यंत पोचलो. भिंतीवर नवं शेल्फ होतं. त्याचा वरचा डावा स्क्रू काढला आणि मेगरचा काटा तिथल्या तिथे वर गेला. पाइपमधून वायर ओढून काढली तेव्हा काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या वायरवर नखाएवढी चीर होती, आत तांबं चकचकत होतं, आणि शेजारच्या हिरव्या, म्हणजे अर्थच्या वायरवर त्याच जागी तसाच ओरखडा. स्क्रूने दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या होत्या. फेजची वायर पाइपमध्ये दोन-तीन मिलिमीटर पलीकडे होती. स्क्रू तेवढाच सरकला असता तर शेल्फला हात लावणाऱ्याचं काय झालं असतं, हे मी त्या घरातल्या माणसांना बोलून दाखवलं नाही, पण शेल्फ दुसऱ्या भिंतीवर लावून मगच निघालो.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो ते आठवण्याचं आहे. दोन महिन्यांपूर्वी घरात काय झालं? शेल्फ, आरसा, पडद्याचा रॉड, नवीन पंखा, रंगकाम, इन्व्हर्टर, जादा पॉइंट, काहीही. भिंतीत ड्रिल गेलं असेल तर ती जागा लिहून ठेवा. इन्व्हर्टर त्याच सुमारास बसवला असेल तर ते तर हमखास सांगा. इन्व्हर्टरची फेज आरसीसीबीच्या आधीपासून घेतली आणि न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर आणून जोडली, की गळती काहीच नसताना आरसीसीबी पडतो. तिथे फॉल्ट जोडणीचा असतो.

दुसरं काम तुम्ही स्वतः करू शकता, त्यात डीबीचं झाकण उघडायचं नाही. पहाटे साडेपाचच्या आधी उठा. सगळे एमसीबी खाली करा. मग घरातला प्रत्येक प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, राउटर, चार्जर, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, काहीही ठेवू नका. फक्त बटण बंद करून चालणार नाही, ते का हे वर आलंच. आरसीसीबी चालू ठेवा आणि सात वाजेपर्यंत बघा. एक दिवस पुरणार नाही, कारण तो रोज पडत नाही. लागोपाठ पाच-सहा दिवस करावं लागेल. फ्रिज तेवढा वेळ बंद राहिला तर काही बिघडत नाही, दार उघडू नका म्हणजे झालं.

या अवस्थेतही पडला, तर फॉल्ट बहुधा वायरिंगच्या न्यूट्रलमध्ये आहे, किंवा गिझर, एसी, एक्झॉस्ट पंखा अशा थेट जोडलेल्या एखाद्या यंत्रात, ज्याला काढायला प्लगच नाही. नाही पडला, तर दर दोन-तीन दिवसांनी एकेक प्लग परत लावत जा, एमसीबी खालीच ठेवून. ज्या यंत्राच्या नुसत्या प्लगने पडतो, त्याच्या आत न्यूट्रल बॉडीला लागलेली आहे. वेळ जाईल, पण हा वेळ वाया जात नाही. सोबत एक वही ठेवा: तारीख, वेळ, काय चालू होतं, बाहेर पाऊस होता का. माझ्याकडे आलेल्या निम्म्या केसेस अशा वहीच्या दोन पानांनी सोप्या झाल्या आहेत.

चाचणी करताना एक लक्षात ठेवा. पडलेला खटका पुन्हा वर करण्याआधी पूर्ण खाली दाबावा लागतो, नाहीतर तो बसत नाही आणि ‘आता बसतच नाही’ असं वाटतं. दोनदा प्रयत्न करूनही लगेच पडत असेल तर थांबा. आणि नळाला, शॉवरला, वॉशिंग मशीनच्या पत्र्याला कुणाला जराही झिणझिणी जाणवली असेल तर चाचणी वगैरे सगळं सोडा, मेन बंद करा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. बाथरूममध्ये कुणी असताना खटका पडला, तर ती व्यक्ती बाहेर येईपर्यंत तो वर करायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तिसरं काम इलेक्ट्रिशियनचं. त्याला ‘आरसीसीबी पडतो, बघ’ एवढंच सांगू नका. सांगा की मेगर घेऊन ये आणि न्यूट्रल ते अर्थ मोज. मेन बंद करून तो आरसीसीबीच्या खालची न्यूट्रल सोडवेल, पट्टीवरची एकेक वायर वेगळी करेल आणि प्रत्येक वायर अर्थशी ५०० व्होल्टच्या मेगरने मोजेल. त्याआधी सगळे प्लग काढलेले असावेत, एलईडी दिवे आणि डीबीतला सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा भाग) सोडवलेला असावा, नाहीतर रीडिंग खोटं कमी येतं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही खराब होऊ शकतात. प्रत्येक लाइनवर किमान १ मेगाओहम हवं. चांगल्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतं. साध्या मल्टीमीटरने हे काम भागवू देऊ नका. त्याच्या आतल्या काही व्होल्टच्या बॅटरीला ओलसर जॉइंटमधला फॉल्ट दिसत नाही, ५०० व्होल्टला तो लगेच उघडा पडतो. एखादी लाइन कमी दाखवत असेल तर ती मधे तोडून अर्धी-अर्धी मोजत जायची. एका बोर्डापर्यंत पोचायला सहसा तासाभराहून जास्त लागत नाही.

त्याच्याकडे गळती मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर आणखी चांगलं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या की आरसीसीबीला जो फरक दिसतो तोच मीटरवर मिलिअँपिअरमध्ये दिसतो. चालू घरात, काहीही न तोडता. शक्य असेल तर त्याला हे रीडिंग पहाटे घ्यायला सांगा. दुपारी येऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणून जाणारा माणूस खोटं बोलत नसतो, दुपारी ते खरंच ठीक असतं.

आता माझा न्यूट्रलचा अंदाज चुकला तर? तशीही शक्यता आहे, कारण सगळे एमसीबी खाली असताना पडण्याचा प्रकार तुम्ही एकदाच पाहिला आहे. मग नेहमीच्या जागा बघायच्या. गिझरच्या एलिमेंटला बारीक तडा गेला की आतली पावडर ओल धरते. पण तुमचा गिझर आठवडाभर बंद असतानाही पडला, म्हणून तो माझ्या यादीत खाली आहे. अर्थात तो थेट जोडलेला असेल तर नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, हे आलंच. फ्रिजकडे मात्र लक्ष द्या. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर असतो आणि तो काही तासांच्या अंतराने आपोआप चालू होतो. त्यात ओल गेली असेल तर खटका घरात कुणी काहीही न करता पडतो, आणि माणसं चक्रावून जातात. बाहेरच्या भिंतीवरचे दिवे, गच्चीवरचा पॉइंट, पाण्याचा पंप, हे पहाटेच्या दवाने किंवा पावसाने ओले होतात, तेही बघून घ्या.

कधीकधी एकही वस्तू खराब नसते. संगणक, टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक फिल्टरमधून प्रत्येकी थोडा करंट अर्थला जातच असतो, एखाद्याचा अर्धा मिलिअँपिअर, एखाद्याचा एक-दीड. एका आरसीसीबीवर सगळं घर असलं की ही बेरीज १२-१५ वर पोचते आणि मग जराशा धक्क्यानेही तो पडतो. नेहमीची गळती ३० च्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी असा संकेत आहे. ती जास्त असेल तर उपाय १०० चा आरसीसीबी हा नाही. घर दोन-तीन भागांत वाटायचं आणि प्रत्येकाला ३० चा वेगळा आरसीसीबी किंवा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला खटका) द्यायचा. गिझर वेगळा, स्वयंपाकघर वेगळं, बाकी खोल्या वेगळ्या. एकच अट: प्रत्येकाची न्यूट्रलही पूर्ण वेगळी हवी. एका भागाची फेज आणि दुसऱ्याची न्यूट्रल कुठे एकत्र आली, आणि जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्यात हे नेहमी होतं, तर दोन्ही पडत राहतील. नवे घ्यालच, तर ए टाइपचे घ्या. एसी टाइपचे (हा आरसीसीबीचा एक प्रकार, खोली थंड करणारा एसी नव्हे) जुने आरसीसीबी इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून येणाऱ्या तुटक, एकतर्फी गळतीला नीट ओळखत नाहीत.

आरसीसीबी स्वतः खराब आहे का हे ठरवायची रीत सरळ आहे. मेन बंद करून त्याच्या खालच्या दोन्ही वायरी काढायच्या, मग सप्लाय देऊन त्याला तसाच उभा ठेवायचा. काहीच जोडलेलं नसताना पडला तर तो बदला. नाही पडला तर त्याला दोष देऊ नका. त्याच्यावरचं टेस्टचं बटण दर तीन महिन्यांनी दाबत जा. ते आतली यंत्रणा हलते आहे एवढंच सांगतं. अर्थिंग चांगलं आहे की नाही हे त्याने कळत नाही, अर्थची वायर मुळीच नसली तरी त्या बटणाने खटका पडतो. आणि मुलीच्या काळजीपोटी हेही सांगतो: कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर आरसीसीबीला फरकच दिसत नाही, तो पडत नाही. त्यामुळे तिच्या उंचीवरचे सॉकेट शटरचे, म्हणजे भोकांवर आतून झाकण असलेले, असू द्या.

पाच-सहा दिवसांची वही झाली की मला तीन गोष्टी कळवा: प्लग काढलेले असताना तो पडला का, न्यूट्रलच्या कोणत्या लाइनवर मेगरने किती दाखवलं, आणि दोन महिन्यांपूर्वी भिंतीत कुठे ड्रिल गेलं होतं. डीबीचा झाकण उघडलेला फोटोही इलेक्ट्रिशियन आलेला असतानाच त्याच्याकडून काढून घ्या. एवढं हाताशी आलं की कोणती भिंत किंवा कोणता बोर्ड आधी उघडायचा ते सांगता येईल.